इंडियन सेलर्स होममधली नावे

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



युद्धस्मारक म्हटले की डोळ्यांसमोर बंदूकधारी जवान येतो. आपल्या सभांमध्ये हा विषय निघाला की हवालदार अब्दुल हमीद आणि ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान ही नावे घेतली जातात. ती घ्यायलाच हवीत. पण आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्या हातात बंदूक नव्हती. कोणाच्या हातात दोरखंड होता, तर कोणाच्या हातात कोळशाचे फावडे. तरीही ते युद्धात मेले आणि त्यांचे स्मारक आपल्या मुंबईत आहे.

मस्जिद बंदरला, गोदीच्या बाजूला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार जणांची नावे ग्रंथात नोंदवलेली आहेत. काही जण नौदलातले, पण बहुसंख्य व्यापारी जहाजांवरचे. या माणसांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही.

हे कोण होते? 1914 मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी होते. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांच्या डेकवर सारंग, तांडेल आणि खलाशी म्हणून रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि हिंदू असत. खाली इंजिनात कोळसा ओढणारे आगवाले पंजाबी आणि पठाण. जेवणघर सांभाळणारे बरेचसे गोव्याचे ख्रिस्ती. कलकत्त्याच्या जहाजांवर सिल्हेट आणि नोआखालीचे बंगाली मुसलमान. इंग्रज या सगळ्यांना सरसकट ‘लस्कर’ म्हणत. शब्द आपल्याच ‘लष्कर’वरून आलेला. नाव सैन्याचे होते, पगार मात्र गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी.

टॉर्पेडो पाण्याच्या पातळीखाली लागतो. इंजिनखाना तिथेच असतो. त्यामुळे आगवाल्याला शिडी चढून वर येण्याइतकाही वेळ अनेकदा मिळत नसे. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज अटलांटिकमध्ये बुडवले गेले. इंग्लंडहून कॅनडाला पाठवलेली 90 मुले त्यावर होती. त्यातली 77 गेली. ती हकिकत ब्रिटनमध्ये आजही सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. पण त्याच जहाजावरचे निम्म्याहून अधिक हिंदी खलाशीही त्या गारठ्यात मेले. त्यांच्याबद्दल किती जणांनी ऐकले आहे?

आता कोणी म्हणेल, हे तर इंग्रजांचे नोकर, त्यांचे कौतुक कशाला? कोकणात पावसाळी भाताचे एक पीक. वर्षभर घर चालायचे ते मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. हे लोक पोटासाठी जहाजावर चढले. आणि ते मुकाट मान खाली घालणारेही नव्हते. 1939 च्या शरद ऋतूत, युद्ध सुरू होताच, ब्रिटनच्या बंदरांमध्ये हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले. अनेकांना तुरुंगात टाकले गेले. तरीही ते मागे हटले नाहीत आणि पगार वाढवून घेतला. धोका सारखा असेल तर मोबदला इतका कमी का, हा त्यांचा साधा सवाल होता.

दुसरीकडे आपल्यातलेच काही जण अशी नावे हातात आली की लगेच पुढे करतात : बघा, आम्हीही देशासाठी मेलो. मित्रमैत्रिणींनो, हे टाळा. मेलेल्या माणसाच्या नावावर आपण निष्ठेचा दाखला मागायला जाऊ नये. या देशात आपले नागरिकत्व संविधानाने दिलेले आहे. ते कोणाच्या मरणाने सिद्ध करावे लागत नाही. या माणसांची आठवण ठेवायची ती ते आपल्या गावचे होते म्हणून, कष्टकरी होते म्हणून आणि त्यांची मोजदाद नीट झाली नाही म्हणून.

हे मी मनाचे सांगत नाही. युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने 2021 मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केले, की पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतल्या किमान 1,16,000 मृतांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा अजिबातच झाली नाही. त्या मानाने सेलर्स होममध्ये आपल्या खलाशांची नावे तरी आहेत. आपणच ती वाचायला जात नाही.

या ग्रंथाबाबत आणखी एक गोष्ट सांगतो. त्याची दुसरी प्रत बांगलादेशात, चितगावला आहे. बंदरे आज दोन देशांत आहेत, पण यादी एकच आहे. त्यात रत्नागिरीचा सारंग आणि सिल्हेटचा आगवाला एकत्र आहेत. ती यादी धर्माने वाटलेली नाही. आपणही वाटू नये.

म्हणून तुमच्याकडे एक काम मागतो. कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावे शोधता येतात. नावाबरोबर हुद्दा, जहाज आणि तारीख मिळते, काही नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे आहे, म्हणून एकच नाव तीन-चार प्रकारे लिहून बघा. मग गावात जा. ज्या घरात आजा-पणजा ‘बोटीवर गेला तो आलाच नाही’ असे सांगतात, तिथे बसा. जहाजाच्या नोकरीचे दाखले, जुनी पत्रे, पेटीच्या तळाचे फोटो यांबद्दल विचारा. आधी म्हाताऱ्या बायकांना विचारा, कारण मनीऑर्डर थांबली तो महिना घरच्या बायकांनीच सोसला आणि पुढच्या पिढीला सांगितला. शेजारच्या भंडारीवाडीत आणि खारवीवाडीतही विचारा.

प्रत्येक गावाची एक यादी करा, मराठीत आणि उर्दूत. ती मशिदीच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नाव बरोबर लिहिलेले असावे, एवढी काळजी घ्या. त्यांच्या कबरीवर आपल्याला जाता येत नाही. निदान त्यांचे नाव तरी नीट उच्चारता यावे.