मनिलात तोंडावर बोलू नका

मनिलातल्या मकातीच्या ऑफिसांत मुरलेल्या तुम्हा मंडळींना ‘मानो’ काय असतं, हे मी सांगायला नको. नव्याने आलेल्यांनी एवढंच ध्यानात ठेवा: वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला टेकवायचा, ओठांना नव्हे. आपल्या वाकून केलेल्या नमस्कारापेक्षा बरं, कंबर सुटते. (हशा)

मला बोलायचंय ते आपल्या एका लाडक्या गुणाबद्दल. ‘मी काय ते तोंडावर सांगतो,’ हे आपण केवढ्या ताठ्यात म्हणतो! इथं तो ताठा उंबऱ्याबाहेर ठेवा. चारचौघांत एखाद्याची चूक काढलीत तर तो हसेल. तुम्हाला वाटेल, याला काही गांभीर्यच नाही. अहो, तो शरमेनं अर्धमेला झालेला असतो! ही ‘हिया’ इथल्या माणसाच्या हाडीमाशी आहे. बोलायचंच असेल तर बाजूला घ्या, आधी घरच्यांची चौकशी करा, मेरिएंदाची, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याची, बशी पुढे सरकवा, मग हळूच विषय काढा. तेही अवघड वाटलं तर त्याच्या जवळच्या कुणाकरवी निरोप धाडा. पुण्यात याला मागून बोलणं म्हणतील. इथं ती रीत आहे.

‘नाही’ म्हणणंही असंच जड जातं. जेवायला बोलावल्यावर कुणी ‘आय विल ट्राय’ म्हणालं, तर एक पान कमीच मांडा. त्यावर चिडायचा आपल्याला काय अधिकार? लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघू, जमवतो’ म्हणणारे आपणच. ऑफिसात मात्र सगळे युधिष्ठिर!

(प्रश्न: शाकाहारी माणसानं काय करावं?)

पिनाकबेत ही इथली भाजी बघा. भोपळा, कारलं, वांगं, भेंडी, सगळी आपलीच मंडळी. पण चव बागोओंगची, म्हणजे मीठ घालून आंबवलेल्या मासळीची किंवा कोळंबीची. ‘यात मांस नाही ना?’ विचारलंत तर यजमानीण अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. बागोओंगचं नाव घेऊनच विचारा. नकार देताना धर्माचं कारण सांगा. गुड फ्रायडेला मांस वर्ज्य करणाऱ्यांना ते चटकन पटतं. पण पंगतीतून उठू नका. भात घ्या, फळं घ्या, गप्पा मारा. ताटलीत उरलेला शेवटचा तुकडा मात्र आग्रह झाल्याशिवाय उचलू नका. तिथंही हियाच आडवी येते.

जेवणानंतर व्हिडिओके, म्हणजे पडद्यावरचं कॅराओके, लागेलच. बेसूर गाणाऱ्याला सूर सांगायला जाऊ नका, टाळ्या वाजवा. आणि माइक आला की तुम्हीही गा. हं, पुढचा प्रश्न?