संगणकाची पाटी आणि संगणकाची वही



डोंबिवलीस राहणारी आणि मुरबाड तालुक्यातील एखाद्या खेड्यात शिकवणारी शिक्षिका डोळ्यांपुढे आणावी. लोकलने कल्याण, तेथून एस. टी. ने मुरबाड आणि पुढे शाळा, असा तिचा रोजचा क्रम. रात्री घरच्या संगणकावर नोटपॅडमध्ये तिने दुसरीच्या मुलांसाठी वाचनपाठ लिहिला व अक्षर ठळक आणि मोठे करून ठेवले. सकाळी शाळेत पेन ड्राइव्ह लावून पाठ उघडला, तो मजकूर जसाच्या तसा आला. अक्षर मात्र बारीक! मागे बसलेल्या मुलांना वाचता येईना. तिने ते पुन्हा मोठे केले. दुसऱ्या दिवशी पाहावे तो पुन्हा बारीक. असे आठ दिवस झाले म्हणजे ‘हे यंत्र आपल्या हाताला यावयाचे नाही’ अशी समजूत होते, संगणकावर फडके पडते आणि मुलांचा वाचनाचा तास बुडतो. वस्तुतः येथे शिक्षिकेचा दोष नाही, आणि बहुधा यंत्रही बिघडलेले नसते.

वर्गात पाटी असते व वहीही असते. पाटीवरचे पुसले जाते, वहीतले राहते. संगणकाचेही तसेच आहे. काम चालू असताना केलेला बदल प्रथम पाटीवर असतो. तो वहीत उतरला तरच उद्या सापडतो. नेदरलँड्समधील ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘विम’ या संपादकात तर आज्ञा देऊन केलेला बदल त्या बैठकीपुरताच टिकतो. तो कायम हवा असल्यास एका ठरावीक फाइलीत स्वतः लिहून ठेवावा लागतो. म्हणजे हा विसराळूपणा नव्हे, योजना आहे.

सेटिंग न टिकण्याची कारणे मुख्यतः चार आहेत.

पहिले, मजकूर आणि सेटिंग यांची घरे निराळी असतात. नोटपॅडच्या फाइलीत केवळ मजकूर जातो. अक्षराचा आकार त्या संगणकापाशीच राहतो. लिब्रेऑफिस रायटरच्या फाइलीत आकार व फॉन्टचे नाव मजकुराबरोबर जाते. परंतु तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल तर त्याच्या जागी दुसरा येतो.

दुसरे, सेटिंगची वही वापरणाऱ्याच्या नावाची असते. काल एका लॉगिनने व आज दुसऱ्या लॉगिनने काम केले तर वही बदलते. निवडलेला मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही मग सापडत नाही. विंडोजला नेहमीचे प्रोफाइल उघडता आले नाही तर ते तात्पुरते प्रोफाइल देते व तशी सूचना पडद्यावर दाखवते. त्यात केलेले सर्व काही बाहेर पडताच नाहीसे होते.

तिसरे, कित्येक प्रोग्रॅम रीतसर बंद होतानाच सेटिंग लिहून ठेवतात. पावसाळ्यात वीज गेली किंवा घाईने बटण बंद केले, तर लिहावयाचे राहून जाते.

चौथे, काही संगणक कक्षांत अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते की, संगणक पुन्हा सुरू होताच सारे पूर्वस्थितीस यावे. तेथे कितीही वेळा बदल केला तरी व्यर्थ. व्यवस्था पाहणाऱ्यासच सांगावे लागते.

कारण शोधण्याची रीत सोपी आहे. एक लहानसा बदल करावा, प्रोग्रॅम रीतसर बंद करून पुन्हा उघडावा. बदल टिकला, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा व त्याच लॉगिनने पाहावे. बदल कोणत्या पायरीवर गेला, यावरून कारण कळते. वर्गात दाखवावयाचा पाठ रायटरमध्ये करून त्याची पीडीएफ प्रतही जवळ ठेवावी. तीत फॉन्ट सामान्यतः अंतर्भूत असतो, म्हणून अक्षर बदलत नाही. शाळेच्या संगणकाशेजारी पुठ्ठ्यावर लॉगिनचे नाव, फॉन्ट, अक्षराचा आकार व कीबोर्ड लिहून टांगावे. पासवर्ड मात्र तेथे लिहू नये. बदलून येणाऱ्या शिक्षकासही मग नव्याने चाचपडावे लागणार नाही.

काल शिकवलेले मूल आज विसरले, तर जाणता शिक्षक त्यास मंदबुद्धी म्हणत नाही. ‘वहीत उतरवले होतेस का?’ असे विचारतो. संगणकाविषयीही तोच प्रश्न आधी विचारावा. उत्तर सापडले म्हणजे शेवटच्या रांगेतील मुलालाही पाठ वाचता येईल.