पळण्याची गोडी

नव्याने पळू लागणाऱ्याची फसगत बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटात होते, कारण तो फार जोरात सुटतो. तसे सुटायला त्याला शाळेनेच शिकवलेले असते. शाळेत पळणे भेटते ते शर्यत म्हणून किंवा शिक्षा म्हणून. शिट्टी वाजली की जीव खाऊन धावायचे, नाहीतर गृहपाठ राहिला म्हणून पटांगणाला फेऱ्या मारायच्या. दोन्ही वेळा धाप लागते, तोंड कोरडे पडते, बरगडीखाली कळ येते. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात 100 मीटरच्या शर्यतीत तिघांना पदके मिळतात आणि उरलेली मुले ‘पळणे आपले काम नव्हे’ असा निकाल स्वतःच लावून मोकळी होतात. हा निकाल घाईचा असतो. हळू पळणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी करूनच दाखवलेले नसते.

हळू पळण्याला मान मिळवून दिला तो न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग या त्यांच्या शिष्यांनी सुवर्णपदके जिंकली. त्याच प्रशिक्षकाने ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, पोट सुटलेल्या, काही हृदयविकारातून उठलेल्या माणसांना संथ पळायला लावले. 1962 मध्ये अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले आणि या मंडळींबरोबर सकाळी पळायला निघाले. वय पन्नाशीचे, हयात मैदानावर गेलेली. पण चढ लागताच ते मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले एक गृहस्थ वेग कमी करून त्यांच्या सोबतीला राहिले. बॉवरमन परत गेले ते हीच पद्धत घेऊन. गावातल्या सामान्य माणसांना त्यांनी पळायला शिकवले, आणि 1967 मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले.

संथ म्हणजे किती संथ, याचे माप घड्याळात शोधू नये. काल रात्री घरी जेवायला काय होते, हे शेजारी पळणाऱ्याला पूर्ण वाक्यात सांगता आले पाहिजे. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले तर वेग जास्त झाला. मग सरळ चालावे. चालण्यात कमीपणा कसला? जोश क्लार्क यांनी 1996 मध्ये नवख्यांसाठी ‘काउच टू फाइव्ह के’ हा कार्यक्रम आखला, तो चालण्यावरच उभा आहे. आठवड्यातून तीन दिवस, एकूण 9 आठवडे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालून झाल्यावर 60 सेकंद पळायचे, 90 सेकंद चालायचे, असे वीस मिनिटे. शेवटी अर्धा तास न थांबता पळता यावे, हे उद्दिष्ट.

या काळात शरीरात बरेच काही घडते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, म्हणून विश्रांतीच्या वेळी नाडी पूर्वीपेक्षा सावकाश चालते. स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटतात, पेशींतल्या तंतुकणिका वाढतात, आणि ज्या वेगाला आधी धाप लागत होती त्याच वेगाला गप्पा मारता येतात. हे बदल काही आठवड्यांत जाणवतात. हाडे आणि स्नायुबंध यांना मात्र कित्येक महिने लागतात, आणि उत्साही माणूस नेमका इथेच सापडतो. नव्या भाराला तोंड देताना हाड आधी जुना भाग झिजवते आणि मग तिथे नवा थर भरते. म्हणजे मधला काही काळ ते नेहमीपेक्षा कमजोर असते. श्वास साथ देत असतो, म्हणून पळणारा अंतर एकदम वाढवतो आणि मग नडगी दुखू लागते. अशा वेळी दुखणे अंगावर काढू नये. दोन पळण्यांमध्ये एक दिवस मोकळा ठेवायचा तो या हाडांसाठी.

गोडी पहिल्या दिवशी लागत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. लांब पळण्यानंतर मन हलके होते, त्याचे श्रेय बरीच वर्षे एंडॉर्फिनला दिले जात होते. पण रक्तातले एंडॉर्फिन मेंदूपर्यंत सहजी पोचत नाही. आता शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड द्रव्यांकडे संशोधकांचे अधिक लक्ष आहे. आनंदामाइड हे त्यांतलेच एक. शिवाय साधी कारणेही असतात: सकाळचा मोकळा रस्ता, बरोबरीची मैत्रीण, आणि गेल्या महिन्यात जिथे थांबावे लागले ते वळण मागे पडल्याचे समाधान.

पुढे मोठे झालेले धावपटूही सगळे लहानपणापासून ठरवून त्या वाटेला लागले होते असे नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर आधी खो-खो खेळत होत्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे गाडीची सोय नसल्याने चालत-पळत शाळेला जात. स्टीपलचेस त्यांनी सैन्यात दाखल झाल्यानंतर धरली आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले.

सुरुवातीला सामान फारसे लागत नाही. पायाला नीट बसणारे, बोटांपुढे थोडी जागा ठेवणारे बूट हवेत; डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे पटांगण पायाला मऊ पडते. मार्च ते मे या महिन्यांत ऊन चढण्याआधी पळणे उरकावे. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावे. परीक्षेमुळे महिनाभर खंड पडला, तर सोडले त्या अंतरापासून सुरू करू नये. दोन-तीन आठवडे मागच्या टप्प्यावर जावे, पुन्हा थोडे चालावे, थोडे पळावे. कमावलेला दम पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येतो.