खांदेरीचा दिवा



वर्धा जिल्ह्यांतल्या माणसानें समुद्रांतल्या दीपगृहाविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांस हंसूं येईल. आमच्याकडे पाणी म्हणजे वर्धा नदी, वणा नदी, नाहींतर विहीर. मीं समुद्र न पाहतांच पुष्कळ वर्षें भूगोल शिकविला. एकदां दीपगृहाचा धडा चालू असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तो दिवा एखाद्या रात्रीं लागलाच नाहीं तर?" मीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. निवृत्त झाल्यावर अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी बेट पाहिलें, तेव्हां तो प्रश्न पुन्हां आठवला.

या बेटावर शिवाजी महाराजांनीं १६७९ सालीं तटबंदीस हात घातला. मुंबईच्या तोंडाशींच मराठ्यांचा किल्ला उभा राहणें इंग्रजांस परवडण्यासारखें नव्हतें. त्यांनीं व सिद्दीनें काम बंद पाडण्याची शिकस्त केली. परंतु मायनाक भंडारी व त्यांचे लोक ह्यांनीं एकीकडे लढत, दुसरीकडे दगडावर दगड चढविला. पुढें त्याच तटाच्या आंत, १८६७ सालीं, इंग्रजी अमलांत दीपगृह बांधलें गेलें. जेथून इंग्रजांचीं जहाजें अडवावयाचीं, तेथूनच मुंबईस येणाऱ्या सर्वांना वाट दिसूं लागली.

तेलाच्या वातीचा उजेड एरवीं अंगणापलीकडे जात नाहीं. फ्रेनेल नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें कांचेच्या लोलकांचीं कडीं अशा युक्तीनें बसविलीं, कीं चोहोंकडे विखुरणारे किरण वळून क्षितिजाकडे जावेत. १८२३ सालीं फ्रान्समधल्या कोर्दुआंच्या दीपगृहांत ही भिंगें प्रथम लागलीं, आणि नंतर जगभर पसरलीं. पण कांच पुसावयास, वात कातरावयास माणूस लागे. तोहि पावसाळ्यांत, होडी येण्याची आशा नसतां.

१९९८ सालीं बेटास कान्होजी आंग्रे यांचें नांव मिळालें. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरीहि आहे. आतां किल्ल्याकडे लक्ष जाईल, हें चांगलेंच झालें. मला चिंता आहे ती दीपगृहाची. परक्यांनीं बांधलेलें म्हणून तें किल्ल्याला शोभत नाहीं असें म्हणणारे भेटतात, आणि कृत्रिम उपग्रह जहाजांना वाट दाखवीत असतां दिवा हवाच कशाला, असेंहि विचारतात. मला दोन्ही म्हणणीं पटत नाहींत. तट आणि दिवा मिळून त्या बेटाचा इतिहास आहे. एक पान जपून दुसरें फाडतां येत नाहीं. शिवाय खारा वारा लोखंड खातो, आणि जुन्या चुन्याच्या बांधकामास सिमेंटचीं ठिगळें लावलीं तर आंतली ओल आंतच राहते व मीठ फुलून दगडाचे पापुद्रे सुटतात. हें काम जाणत्या गवंड्याचें आहे. रंगाचा एक हात फिरवून भागणारें नाहीं.

थळला एका वृद्ध कोळ्यास मीं त्या मुलाचा प्रश्न विचारला. त्यानें जाळें विणतां विणतां बेटाकडे पाहिलें व म्हणाला, "मास्तर, तसं झालं तर आम्ही किनाऱ्याला येणार नाय. उजाडेपर्यंत बाहेरच राहूं."