वारीला निघताना घर सोपवू या

आळंदीहून पंढरपूरला पायी जायचं म्हणजे घर तीन आठवडे दुसऱ्याच्या हाती. पहिल्या वारीला मी शेजारच्या जाऊबाईंना नुसती किल्ली दिली आणि निघाले. माझी गाय त्यांना धार काढू देईना. कास सुजली. त्यांनी फोन केला, तर माझा बंद! चूक त्यांची नव्हती. गाईची सवय मी सांगितलीच नव्हती.

आता निघण्याआधी चार दिवस धार त्यांनाच काढायला लावते. मी गाईजवळ उभी राहते. पेंडीचं माप दाखवते. गॅसचा रेग्युलेटर त्यांच्या हातून बंद-चालू करून घेते. बचत गटाची रोकड घरात ठेवत नाही, बँकेत भरते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नंबर लिहिते: जनावरांच्या उपचारासाठी १९६२, गॅसगळतीसाठी १९०६, पोलीस ११२, शिवाय दिंडीतल्या दोघींचे.

परतल्यावर प्रसाद आणि बुक्का आधी जाऊबाईंकडे. यंदा त्या वारीला जाणार आहेत, त्यांच्या शेळ्या मी बघणार. त्यांनी कालपासून मला शिकवायला घेतलंय. राम कृष्ण हरी!