पूल, उतार आणि पैनगंगा



यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा मी. आमच्या मुलखाच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते, आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेल्यापासून ती दोन अंमलांची सरहद्द होती. पलीकडे निजामाची हुकमत आणि मालावर करोडगिरी नावाची जकात! नदी ओलांडणे म्हणजे अंमल बदलणे, हे तेथील शेतकऱ्यास व्याख्यानावाचून ठाऊक होते. म्हणूनच असेच ओलांडणे रंगविणाऱ्या युरोपातील स्वच्छंदतावादी चित्रकारांचे पूल मला परके वाटत नाहीत.

आल्प्समधील सेंट गॉटहार्ड घाटातला 'सैतानाचा पूल' घ्या. १७९९ साली तेथे रशियन व फ्रेंच फौजांची झुंज झाली, १८०२ मध्ये इंग्रज चित्रकार टर्नर तेथे पोचला, आणि १८०४ च्या जलरंगचित्रात त्याने प्रेक्षकाला पुलाच्या ऐन मध्यावर उभे केले, त्यामुळे पूल दिसतच नाही. दिसतो तो कडा, त्याला बिलगलेली अरुंद वाट, आणि खाली अथांग दरी. पुढे १८३० च्या सुमारास तेथे नवा पूल उभा राहत असताना कार्ल ब्लेखेन याने जुनी कमान, लाकडी परांचीत गुंतलेली नवी कमान आणि विसावलेले मजूर एकाच चित्रात आणले. माझ्या मते हे चित्र टर्नरच्या चित्राहूनही थोर आहे. कारण भयाला जिंकणारे थकलेले हात त्यात दिसतात.

आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि पंचगंगेचा परिसर अपूर्व तन्मयतेने रंगविला. तथापि आपल्या निसर्गचित्रांत घाट व देवळे जितकी आढळतात तितके पूल आढळत नाहीत. घाटाच्या पायऱ्या माणसाला पाण्यापर्यंत नेतात, पूल त्याला पाण्यापासून अलग ठेवतो. आणि आमच्या नद्या तर एरवी उतारावरून पायी ओलांडायच्या, आणि पावसाळ्यात काठावर थांबून राहायचे. नंतर रपटे आले. पुरात बुडालेला, पाणी ओसरताच गाळासकट वर येणारा, बैलगाडीला जेमतेम वाट देणारा तो ठेंगणा रपटा मला त्या आल्प्समधील कमानीइतकाच चित्रविषय होण्यास पात्र वाटतो, आणि त्याची उपेक्षा मला खरोखर सलते.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की आपल्या मुलांपैकी जी येथे परदेशात चित्रकला शिकत आहेत, त्यांना पुढच्या भारतभेटीत श्रावणात पैनगंगेकाठी आणा, सहस्रकुंडाचा प्रपात दाखवा, आणि एखाद्या रपट्याशेजारी सुरक्षित काठावर रंगांची पेटी घेऊन बसू द्या.