शेरे न छाटता फाईल लहान करणे
(शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



ज्या शाळांत व कार्यालयांत विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदी संगणकावर फॉक्सप्रो पद्धतीने ठेवलेल्या असतील, तेथे एक अडचण केव्हा ना केव्हा उभी राहते. शेऱ्यांची फाईल फुगत जाते, तिची प्रत काढण्यास वेळ लागतो, आणि मग सर्वांत सोपा उपाय सुचतो तो हा की, शेरे आखूड लिहावेत. हा उपाय मला मान्य नाही. वर्गशिक्षकाने मुलाकडे वर्षभर पाहून लिहिलेली दोन वाक्ये हाच त्या नोंदीचा गाभा होय. फाईल फुगते ती बहुधा शब्दांमुळे नव्हे, तर शब्द ठेवण्याच्या व्यवस्थेमुळे. ती व्यवस्था कशी असते व तीत कोणता फेरफार करावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

फॉक्सप्रोमध्ये नाव, जन्मतारीख, इयत्ता अशा ठराविक लांबीच्या गोष्टी डीबीएफ नावाच्या फाईलीत राहतात. शेरा मात्र कधी चार शब्दांचा, तर कधी अर्ध्या पानाचा. म्हणून तो एफपीटी नावाच्या जोडफाईलीत ठेवतात, आणि तो तेथे कितव्या खणापासून सुरू होतो तेवढा क्रमांक मूळ नोंदीत लिहितात. एफपीटी म्हणजे सारख्या मापाच्या खणांचे फडताळच. प्रत्येक शेरा नव्या खणापासून सुरू होतो. त्याचा शेवटचा खण अर्धवट राहिला, तरी उरलेली जागा दुसऱ्या शेऱ्यास मिळत नाही.

आता हिशेब पाहू. एक शेरा ४० बाइटांचा आहे असे धरा. त्याच्या आरंभी त्याचा प्रकार व लांबी सांगणारे ८ बाइट असतात, एकूण ४८. खण ५१२ बाइटांचा असेल, तर ४६४ बाइट रिकामे पडून राहतील आणि अशा १०,००० शेऱ्यांना ५१,२०,००० बाइट लागतील. खण ६४ बाइटांचा केल्यास ६,४०,००० पुरतील. १ बाइटाचा केल्यास ४,८०,०००. तिन्ही फाईलींत अक्षरे तीच; पण पहिली तिसरीच्या दसपटीहून मोठी!

हे माप 'सेट ब्लॉकसाइझ' या आज्ञेने ठरते. काहीच न सांगितल्यास खण ६४ बाइटांचा असतो. आज्ञेत ० दिल्यास तो १ बाइटाचा होतो. ३२ हून मोठी संख्या दिल्यास खण तेवढ्याच बाइटांचा होतो. परंतु १ ते ३२ यांपैकी संख्या दिली, तर तिला ५१२ ने गुणून माप धरले जाते. खण लहान व्हावा म्हणून कोणी १६ ही संख्या दिली, तर त्यास ८,१९२ बाइटांचा खण मिळेल, आणि फाईल लहान होण्याऐवजी अनेक पटींनी वाढेल. ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

मग सर्वत्र ० च का देऊ नये? कारण शेऱ्यात दुरुस्तीही होते. वाढलेला मजकूर जुन्या खणांत मावला, तर तो तेथेच लिहिला जातो. न मावल्यास फाईलीच्या शेवटी नवी जागा घेतो आणि जुनी जागा ओसाड पडते. खण १ बाइटाचा असता वाढीस मुळीच वाव उरत नाही. सबब, उत्तीर्ण होऊन गेलेल्या मुलांच्या न बदलणाऱ्या नोंदींस ० योग्य. चालू वर्षाच्या, वारंवार दुरुस्त होणाऱ्या नोंदींस ६४ बरे. ओसाड पडलेली जागा 'पॅक मेमो' या आज्ञेने परत मिळते. मात्र त्या वेळी ती फाईल दुसऱ्या कोणी उघडलेली नसावी.

जुन्या फाईलीचे माप केवळ आज्ञा देऊन बदलत नाही. प्रथम डीबीएफ व एफपीटी या दोन्ही फाईलींची प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. एकीवाचून दुसरी निरुपयोगी आहे. नंतर माप ठरवून 'कॉपी टू' या आज्ञेने नवी फाईल करावी. नोंदींची संख्या दोहोंकडे सारखी आहे काय, हे मोजावे. काही लांब शेरे शेवटच्या शब्दापर्यंत वाचून पाहावेत. अनुक्रमणिका सोबत आली नसेल, तर ती पुन्हा बांधावी. एवढे झाल्यावाचून जुनी फाईल पुसू नये.

या पद्धतीत एका फाईलीस २ गिगाबाइटांची मर्यादा आहे. म्हणून ही काटकसर केवळ हौसेची नव्हे. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी व शेवटची आवृत्ती २००४ साली निघाली आणि जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे पाठबळ थांबविले. तेव्हा या नोंदी पुढेमागे नव्या पद्धतीत न्याव्याच लागतील. त्या दिवशी फडताळ कसलेही असो, आतील शेरा पूर्ण असला पाहिजे. खण लहान करावेत, ओसाड जागा झाडून काढावी. पण मुलाविषयी लिहिलेल्या शब्दांस कात्री लावू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.